गादी राष्ट्राची, मग दप्तर घराण्याचं कसं?

20 जानेवारी 1936 ची रात्र. इंग्लंडातल्या सँडरिंगहॅमच्या वाड्यात पंचम जॉर्ज शेवटच्या घटका मोजत होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खिशातल्या रुपयावर ज्याचा मुखवटा होता, तो हा राजा. जेवणाच्या वेळी राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी एक मेनूकार्ड ओढून घेतलं आणि त्यावर एक वाक्य लिहिलं. राजाचं आयुष्य शांतपणे अखेरीकडे चाललं आहे, अशा अर्थाचं. रेडिओवरून ते वाक्य देशभर गेलं आणि लोक रेडिओला कान लावून बसले. रात्री अकराच्या सुमारास डॉसननी राजाच्या मानेच्या शिरेत आधी मॉर्फीन आणि मग कोकेन टोचलं. बाराला पाच मिनिटं असताना राजा गेला.

हे करण्याचं एक कारण डॉसननी स्वतःच्या टिपणात नोंदवून ठेवलं आहे. मृत्यूची बातमी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये यावी, संध्याकाळच्या हलक्या वर्तमानपत्रांत आधी येऊ नये, हे ते कारण. लंडनमध्ये असलेल्या पत्नीला फोन करून त्यांनी ‘टाइम्स’ला तशी कल्पनाही द्यायला सांगितलं होतं.

ही गोष्ट ब्रिटनच्या जनतेला कळली 1986 साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. डॉसन यांचे चरित्रकार फ्रान्सिस वॉटसन यांनी ते टिपण वाचलेलं होतं. 1950 मध्ये चरित्र छापताना त्यांनी ते गाळलं आणि म्हातारपणी स्वतःच उघड केलं. 1952 साली निघालेल्या पंचम जॉर्जच्या अधिकृत चरित्रात अर्थातच याचा मागमूस नाही. वॉटसन यांना आणखी काही वर्षं गप्प राहावंसं वाटलं असतं, तर एका सम्राटाच्या शेवटच्या तासाची हकिगत आपण आजही त्या मेनूकार्डावरच्या वाक्यावर भरवसा ठेवून सांगत बसलो असतो.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की, राजाचे कामकाजाचे कागद त्याच्या घराण्याच्या मालकीचे असता कामा नयेत. राजा बदलतो त्या दिवशी मुकुट जसा पुढच्याकडे जातो, तसं दप्तर राष्ट्राकडे जायला हवं. तसं होत नाही तोवर ब्रिटिश राजांची चरित्रं कितीही जाड आणि कितीही सुबक निघाली, तरी ती वाड्याने दिलेल्या परवानगीची चरित्रं राहतील.

ब्रिटनचा कायदा सांगतो की सिंहासन एक क्षणही रिकामं राहत नाही. 6 फेब्रुवारी 1952 ला सहावा जॉर्ज झोपेत गेला, तेव्हा त्याची मुलगी एलिझाबेथ केनियाच्या जंगलात होती. ती राणी झाली आहे हे तिला कळायला कित्येक तास लागले, पण कायद्याच्या दृष्टीने ती बापाचा श्वास थांबला त्या क्षणीच राणी झालेली होती. 8 सप्टेंबर 2022 ला दुपारी 3 वाजून 10 मिनिटांनी तीच एलिझाबेथ बाल्मोरलला वारली. जगाला बातमी साडेसहाला मिळाली. त्या मधल्या वेळात ब्रिटनला राजा होता, फक्त लोकांना तो कोण हे माहीत नव्हतं. या व्यवस्थेमागचा विचार पक्का आहे: माणूस मरतो, पद मरत नाही. मृत्यूनंतर दोन दिवसांनी नव्या राजाची घोषणा करणारी सभा भरली, ती इतिहासात प्रथमच दूरदर्शनवर दाखवली गेली. चार्ल्स सही करताना वैतागलेला लोकांनी पाहिला. आता वाड्याची दारं उघडली, असं पुष्कळांना वाटलं.

पण पद मरत नाही हा नियम वाडा सोयीप्रमाणे वापरतो. 1993 साली सरकारशी झालेल्या करारानुसार एका राजाकडून पुढच्या राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेवर वारसा कर लागत नाही. कारण काय, तर ही संपत्ती पदाला लागते. सामान्य इंग्रज माणसाला आईच्या घरावर भरावा लागतो तो कर राजाला लागत नाही, कारण तो पद आहे. मग त्याच राजाची पत्रं बघायला मागा. उत्तर येतं, ती खासगी आहेत, एका कुटुंबाची आहेत. घराण्यातल्या माणसांची मृत्युपत्रं 1910 साली वारलेल्या टेकच्या प्रिन्स फ्रान्सिसपासून न्यायालयाकडून मोहोरबंद करून घेण्याचा प्रघात आहे. एरवी ब्रिटनमध्ये कुणाचंही मृत्युपत्र मंजूर झालं की ते सार्वजनिक होतं. प्रिन्स फिलिप यांचं 90 वर्षांसाठी बंद केलं गेलं आणि त्यावरची सुनावणीही बंद दाराआड झाली. कराच्या खिडकीशी पद आणि वाचनालयाच्या दाराशी कुटुंब, हे एकाच वेळी कसं चालेल? दोहोंपैकी एक काहीतरी धरा.

राजांचे कागद ठेवले जातात विंडसर किल्ल्याच्या गोल बुरुजात. तो दप्तरखाना ब्रिटनच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली येत नाही. तिथे अभ्यासकाला हक्क नाही, परवानगी आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात आधी निदान जनहिताचा तराजू होता. राजाशी झालेला पत्रव्यवहार उघड करणं लोकांच्या हिताचं ठरलं, तर तो मिळू शकत असे. 2010 च्या कायद्याने तो तराजूच काढून घेतला. राजा, वारस आणि वारसाचा वारस यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आता सरसकट वगळलेला आहे. चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना लिहीत असे त्या पत्रांसाठी एका वर्तमानपत्राला 2005 पासून दहा वर्षं झगडावं लागलं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उघडायला लावली, पण तोवर पुढच्या पत्रांसाठी दार बंद झालेलं होतं. एलिझाबेथ राणी सत्तर वर्षं गादीवर होती. चर्चिलपासून ट्रसपर्यंत पंधरा पंतप्रधान तिच्यासमोर बसून बोलले, आणि त्या भेटींची अधिकृत टिपणं ठेवायची नाहीत असाच शिरस्ता. ती काय बोलली हे तिच्या चरित्रकाराला कुठून कळणार?

याच्याही आधीची गोष्ट म्हणजे जाळपोळ. मी हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे.

व्हिक्टोरिया राणी तेराव्या वर्षापासून मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत रोजनिशी लिहीत होती. 22 जानेवारी 1901 ला ती गेली आणि तिच्या इच्छेप्रमाणे त्या वह्या धाकटी मुलगी बीट्रिस हिच्या हाती आल्या. बीट्रिसने पुढची तीसेक वर्षं एकच काम केलं. आईची वही समोर ठेवायची, त्यातलं योग्य वाटेल तेवढं स्वतःच्या वहीत उतरवायचं, आणि उतरवून झालं की मूळ वही जाळायची. अशा 111 वह्या भरल्या. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांना हे पटत नव्हतं, पण त्यांना ते थांबवता आलं नाही. सम्राटालाही थांबवता येऊ नये, कारण वह्या ‘खासगी’ होत्या! बीट्रिसने काय गाळलं याचा थोडा अंदाज येतो तोही योगायोगाने. राणीच्या पत्रांचे संपादक लॉर्ड ईशर यांनी 1840 च्या आरंभापर्यंतच्या मूळ मजकुराची टंकलिखित प्रत आधीच करून ठेवली होती. तेवढ्या काळापुरतं दोन्ही ताडून पाहता येतं. पुढची साठ वर्षं नाही.

आणि मुन्शी अब्दुल करीम. आग्र्याचा हा तरुण 1887 मध्ये राणीच्या सेवेत गेला, तिला हिंदुस्थानी शिकवू लागला आणि तिच्या इतका मर्जीतला झाला की सगळा दरबार त्याच्यावर जळत होता. राणीच्या अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत नव्या राजाने, सातव्या एडवर्डने, विंडसरच्या आवारातल्या फ्रॉगमोर कॉटेजवर माणसं पाठवली. करीमच्या घरातली राणीची पत्रं बाहेर काढली आणि होळी केली. मग त्याला मायदेशी धाडून दिलं. एका राजवटीतून दुसरीकडे जाण्याचं हे पहिलं काम होतं! राज्याभिषेकाला अजून दीड वर्ष होतं. म्हातारी बादशाहीण एका हिंदी मुसलमान माणसाला मुलाच्या मायेने पत्रं लिहीत होती, हे हिंदुस्थानच्या इतिहासातलंच एक पान होतं. ते फाडण्याचा अधिकार एडवर्डला कुणी दिला? करीमची स्वतःची रोजनिशी मात्र वाचली. त्याच्या वंशजांनी ती जपली, फाळणीत कराचीला नेली, आणि शंभराहून अधिक वर्षांनी ती श्रावणी बसू यांच्या हाती लागली. वाड्याने जे जाळलं त्याची दुसरी बाजू कराचीतल्या एका घरात मिळाली.

एडवर्डने स्वतःचे खासगी कागदही जाळायला सांगून ठेवलं होतं. राणी अलेक्झांड्राचेही गेले. अलीकडची गोष्ट घ्या. राणीमातेच्या, म्हणजे एलिझाबेथच्या आईच्या, अधिकृत चरित्रातच नोंद आहे की राजकन्या मार्गारेटने आईच्या खोलीतल्या कागदांची आवराआवर केली आणि पुष्कळ पत्रं नष्ट केली. त्यांत डायनाने लिहिलेलीही होती.

अधिकृत चरित्रकार अशा परिस्थितीत काम करतात. त्यांना दोष देणं मला बरं वाटत नाही. पंचम जॉर्जचं चरित्र हॅरल्ड निकल्सन यांनी लिहिलं. ते मुरब्बी लेखक होते, राजनीतिज्ञ होते. तेव्हाच्या राजाच्या खासगी सचिवाने त्यांना आधीच सांगून टाकलं होतं की, तुम्हाला एका दंतकथेबद्दल लिहायचं आहे, घराण्याला कमीपणा आणेल ते वगळायचं. निकल्सन यांनी ही अट आपल्या रोजनिशीत प्रामाणिकपणे टिपून ठेवली आणि पुस्तकात पाळली. त्या चरित्रातल्या एका विषयावर थोडं थांबतो, कारण तिथे माणसांचे जीव गेले आहेत.

1917 च्या मार्चमध्ये रशियात क्रांती झाली आणि झार निकोलस पदच्युत झाला. तो पंचम जॉर्जचा मावसभाऊ. दोघे दिसायला इतके सारखे की फोटोत ओळखू येऊ नयेत. ब्रिटिश सरकारने झारला आणि त्याच्या कुटुंबाला आसरा देऊ केला. पुढे तो मागे घेतला गेला, आणि जुलै 1918 मध्ये एकातेरिनबुर्गच्या एका तळघरात झार, त्याची बायको, चार मुली आणि आजारी मुलगा यांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढची पासष्ट वर्षं लोकांची समजूत अशी होती की आसरा नाकारला तो पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी. लॉइड जॉर्ज यांच्या नावावर ते पाप राहिलं. 1983 मध्ये केनेथ रोझ यांनी नव्या चरित्रात दाखवून दिलं की नकार राजाचा होता. त्याचा सचिव स्टॅमफर्डम याने 6 एप्रिल 1917 या एका दिवसात परराष्ट्रमंत्र्यांना दोन पत्रं लिहिली होती. झार इथे आला तर लोक खवळतील, राजाची गादी अडचणीत येईल, निमंत्रण मागे घ्या, असा त्यांचा सूर. त्याच वर्षी जुलैत राजाने घराण्याचं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतलं. तोच घाबरा काळ होता तो.

राजाला भीती वाटली याचा मला राग येत नाही. युद्ध चालू होतं, युरोपातली सिंहासनं डळमळत होती, आणि गादी वाचवणं हे त्याला कर्तव्य वाटलं असेल. राग येतो तो एका मंत्र्याच्या माथी ते मारून पासष्ट वर्षं गप्प बसण्याचा. शिवाय हे उघड झालं ते स्टॅमफर्डमची पत्रं मंत्र्यांकडे गेलेली होती म्हणून. बुरुजाबाहेर पडलेला कागद जाळायला वाड्याचा हात पोचत नाही.

आठव्या एडवर्डचं तर सगळं चरित्रच असं बाहेरच्या कागदांवर उभं आहे. हा राजा जेमतेम 326 दिवस गादीवर होता. बाप गेला त्याच रात्री त्याने सँडरिंगहॅमची घड्याळं मागे घ्यायला लावली. शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून आजोबांनी ती अर्धा तास पुढे ठेवली होती, ती परत लंडनच्या वेळेवर आली. डिसेंबरात वॉलिस सिम्पसन या अमेरिकन बाईसाठी त्याने राज्य सोडलं. 12 मे 1937 ही त्याच्या राज्याभिषेकाची तारीख ठरलेली होती, त्याच दिवशी भाऊ अभिषिक्त झाला. इथवरची प्रेमकथा सगळ्यांना पाठ आहे. तिचा पुढचा भाग, म्हणजे 1940 च्या उन्हाळ्यात लिस्बनमध्ये असताना हा माजी राजा नाझींच्या डावात कुठवर ओढला गेला, हे कळतं ते जर्मन परराष्ट्र खात्याच्या तारांमधून. युद्धानंतर त्या दोस्तांच्या हाती लागल्या. 1953 मध्ये चर्चिलनी आयझेनहॉवरना लिहिलं की हे छापू नका. तरी 1957 मध्ये ते छापलं गेलं, कारण संपादनात अमेरिकनही होते. हिटलरच्या कारकुनांनी नीट लावून ठेवल्या म्हणून ब्रिटनच्या एका राजाची ही बाजू ब्रिटनच्या लोकांना मिळाली.

असं एकेक आठवत गेलं की मन विषण्ण होतं. डॉक्टरचं टेबल, कराचीचं घर, मंत्र्याचं कपाट, शत्रूचं दप्तर. राजांबद्दलचं खरं सगळं अशा ठिकाणी सापडलं आहे. 2021 मध्ये एका वर्तमानपत्राला 1973 सालचे कागद मिळाले, ते लंडनमधल्या क्यू इथल्या सरकारी अभिलेखागारात. आपली गुंतवणूक लोकांना दिसू नये म्हणून राणीच्या वकिलाने कंपनी कायद्याचा मसुदा बदलून घ्यायला सरकारी अधिकाऱ्यांकडे खटपट केली होती, असं त्यांवरून दिसलं. राजाच्या हिताला लागणाऱ्या विधेयकांना संसदेत आधी राजाची संमती घ्यावी लागते, आणि ती निव्वळ औपचारिकता असते, असं वाड्याचं म्हणणं. खरं-खोटं ठरवायला दोन्ही बाजूंचे कागद लागतात. एकच बाजू आहे.

यावर माझ्या एका जुन्या मित्राने विचारलेला प्रश्न मला टाळायचा नाही. तो म्हणाला, ‘अरे, ती माणसंच आहेत. आईला लिहिलेलं पत्र, नवऱ्याचं आजारपण, हे तू चव्हाट्यावर मागणार का?’ नाही मागणार. सहाव्या जॉर्जचं फुप्फुस 1951 मध्ये काढलं, तेव्हा कर्करोग हा शब्द त्याला स्वतःलाही सांगितला नव्हता. ती हकिगत वाचताना मला सम्राट दिसत नाही, एक थकलेला बाप दिसतो. चार्ल्सने 2024 मध्ये आपल्याला कर्करोग असल्याचं जाहीर केलं, कोणता ते सांगितलं नाही. तो त्याचा हक्क आहे. मुलांना लिहिलेली पत्रं, औषधोपचारांचे कागद, प्रार्थनेच्या वह्या घराण्याकडेच राहाव्यात. पण झारला आसरा द्यायचा की नाही हे घरगुती पत्र नव्हे. कंपनी कायद्यावरची खटपट घरगुती नव्हे. खासगी सचिवाने मंत्र्याला लिहिलेलं पत्र हे सरकारी पत्र असतं, मग त्याच्या माथ्यावर कुठल्याही वाड्याचा शिक्का असो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. कागद उघडणार म्हटलं तर पुढचे राजे लिहिणारच नाहीत, किंवा आधीच जाळतील. हे ऐकायला बिनतोड वाटतं, पण मी वर जेवढ्या होळ्या सांगितल्या, त्या सगळ्या बंद दाराच्या व्यवस्थेत झाल्या आहेत. गुप्ततेने त्यांतली एकही वही वाचवलेली नाही. कागद कायद्याने राष्ट्राचा ठरला, तर तो जाळणं गुन्हा ठरेल. अमेरिकेत निक्सनच्या प्रकरणानंतर 1978 मध्ये कायदा करून राष्ट्राध्यक्षांचे कामकाजाचे कागद सार्वजनिक मालमत्ता ठरवले गेले. म्हणून तिथले राष्ट्राध्यक्ष लिहायचे थांबले नाहीत.

ब्रिटनच्या मुकुटाखालीच याचा पडताळा आला आहे. 11 नोव्हेंबर 1975 ला ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केलं. त्याआधी आणि नंतर कर आणि राणीचा खासगी सचिव यांच्यात पत्रं चालली होती. ती ‘वैयक्तिक’ म्हणून कुलूपबंद होती. प्राध्यापिका जेनी हॉकिंग न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयांत हरल्या, पण 2020 च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की ही पत्रं राष्ट्राच्या मालकीची आहेत. जुलैत दोनशेहून अधिक पत्रं खुली झाली. त्यांतून कळलं की बडतर्फीची आगाऊ बातमी करने राणीला दिली नव्हती. हेही कळलं की राजप्रतिनिधीच्या राखीव अधिकारांबद्दल सचिवाशी त्याचं पुष्कळ आधीपासून बोलणं चाललं होतं. म्हणजे एका मुद्द्यावर राणीची बाजू मोकळी झाली, दुसऱ्यावर प्रश्न उभे राहिले. पंचेचाळीस वर्षं दोन्ही बाजूंनी नुसते तर्क केले जात होते. सिंहासन जागच्या जागी आहे.

आता कुणी म्हणेल, हा ब्रिटिशांचा घरचा प्रश्न, मराठी माणसाने त्यात का पडावं? मी पुण्यात जुन्या कागदांत वावरणारा माणूस आहे. मोडी वाचतो. रुमालाची गाठ सोडली की वेखंडाचा वास येतो, आत कुणा कारकुनाने दोनशे वर्षांपूर्वी तांदळाचा भाव, घोड्याचं खोगीर, सरदाराचं रुसणं एकाच हाताने लिहून ठेवलेलं असतं. 1818 नंतर हे पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. इनामांची चौकशी करायला त्यांना ते लागत होतं. आमच्या संशोधकांना मात्र शंभर वर्षं तिथे मोकळेपणाने जाऊ दिलं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून घरांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करत फिरले, आणि त्यांच्याच पुण्यातलं एवढं मोठं दप्तर त्यांना बंद होतं. 1910 च्या जुलैत भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, एडवर्ड बादशहाला जाऊन दोन महिने झाले होते. एकीकडे त्याचे खासगी कागद संपवायचे होते आणि इकडे आमची माणसं मिळेल तो चिटोरा वाचवत होती. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले ते 1930 च्या आगेमागे, तेव्हा कुठे ते दार किलकिलं झालं. बंद दप्तराने इतिहासाचं काय होतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

शिवाय ते राजे आमचेही होते, आम्हाला नको असताना. 15 ऑगस्ट 1947 नंतरही 26 जानेवारी 1950 पर्यंत सहावा जॉर्ज कायद्याने हिंदुस्थानचा राजा होता. 1911 च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव पुरते दागिने न घालता पंचम जॉर्जसमोर गेले, एकदाच झुकले आणि पाठ फिरवून चालू लागले. त्याची फिल्म आहे, इंग्रजी वर्तमानपत्रांचा आरडाओरडा आहे, महाराजांचं दिलगिरीचं पत्र आहे. त्या घटनेची आमची बाजू कुणीही तपासू शकतो. 1902 मध्ये एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेत होते. राजाच्या पोटात गळू झालं, शस्त्रक्रिया झाली, सोहळा 26 जूनवरून 9 ऑगस्टला गेला. त्या मधल्या दिवसांत, 26 जुलैला, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा महाराजांचा जाहीरनामा निघाला. त्याचा शब्दन् शब्द आज शाळकरी मुलालाही मिळतो. त्याच वर्षीच्या सम्राटाचं मन कसं चाललं होतं, हे शोधायला गेलात तर राख हाती येते.

आणि माउंटबॅटन. राजघराण्यातला माणूस, फाळणी त्याच्या सहीने झाली. त्याचे आणि एडविनाचे कागद साउथहॅम्प्टन विद्यापीठाने सार्वजनिक पैशांतून विकत घेतले, तरी रोजनिश्या आणि पत्रं सरकारच्या सांगण्यावरून रोखून धरली गेली. अँड्र्यू लाउनी या चरित्रकाराला त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं आणि स्वतःच्या खिशातले अडीच लाख पौंडांच्या घरात घालवावे लागले. शेवटी जवळजवळ सगळं खुलं झालं. पंजाब आणि बंगालमधल्या लक्षावधी माणसांच्या उद्ध्वस्त होण्याशी ज्या कागदांचा संबंध आहे, ते वाचायला एका लेखकाने घर गहाण टाकावं एवढा खर्च का करावा?

मला हवं ते फार नाही. राजाच्या मृत्यूच्या दिवशी त्याच्या खासगी सचिवाचं दप्तर, मंत्र्यांशी आणि परदेशांशी झालेला सगळा व्यवहार क्यूच्या अभिलेखागाराच्या कायदेशीर ताब्यात जावा. मंत्र्यांच्या कागदांना वीस वर्षांची मुदत आहे, तीच राजवट संपल्यापासून राजाला लागू व्हावी. घरगुती कागद घराण्याने ठेवावेत, पण अभिलेखपालाने यादी केल्याशिवाय त्यातला एकही नष्ट करता येऊ नये. पुढची राजवट सुरू व्हायच्या आत हे व्हायला हवं, कारण करीमकडच्या पत्रांची होळी त्या पहिल्या काही आठवड्यांतच पेटली होती.

शेवटी एक तारीख सांगतो. 22 जून 1897, व्हिक्टोरियाच्या राज्याची साठी. लंडनमध्ये मिरवणुकीला निघण्याआधी राणीने विजेची कळ दाबली आणि माझ्या लाडक्या प्रजेचे मनापासून आभार, असा संदेश साऱ्या साम्राज्यात तारेने गेला. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावरचा समारंभ आटोपून रँड परत निघाला असताना चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. दामोदर चापेकरांना पुढच्या वर्षी येरवड्यात फाशी दिलं. तुरुंगात त्यांनी आपली सगळी हकिगत लिहिली होती. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर आपणच फासलं, हेही त्यात आहे. तिचं इंग्रजी भाषांतर सरकारच्या पोलिसी दप्तरात टिकलं, आणि आज ते कुणालाही वाचता येतं. त्या दिवशी रात्री राणीनेही आपली रोजनिशी लिहिली. ती आपल्याला वाचायला मिळते ती बीट्रिसच्या वहीत.